अक्काच्या नावाचं रक्त

"आई, तोंड उघड की! अगं, रक्तात आजाराची खूणच सापडली न्हाई... काहीच न्हाई! मॅडमनं सोता फोन करून सांगितलं!"

पेढ्याचा तुकडा आईच्या ओठांशी धरून प्रविण बाजेसमोर गुडघ्यांवर बसला होता. पायातल्या चपला काढायचेही त्याला भान नव्हते. अंजनाने तोंड उघडले. पेढा जिभेवर विरघळत राहिला आणि तिची नजर मुलाच्या खांद्यावरून हळूहळू मागे सरकत चुलीपाशी बसलेल्या धाकट्या जावेवर, संगीतावर, जाऊन थांबली. संगीताचा भाकरी थापणारा हात परातीतच थबकला. त्या क्षणी त्या दोघींच्या नजरांतून जे काही आले आणि गेले, ते प्रविणला दिसले नाही. कसे दिसावे? वर्षभरात पहिल्यांदाच तो असा मोकळा हसत होता!

"काकू, तू बी घे. घे की! आता रडतीस कावून?"

"धूर गेला रं डोळ्यात," संगीता म्हणाली.

चुलीत नुसते निखारे होते. धूर कुठून येणार! पण आनंदाने वेडे झालेले माणूस चुलीकडे कशाला बघते... पेढ्यांचा पुडा घेऊन तो तसाच शेजारीपाजारी वाटायला पळाला. त्याची पावले बोळात विरली आणि घरात जी शांतता उतरली ती संगीताला माळावरच्या सांजवेळेसारखी वाटली. तिथे दूरवरचे झाडन् झाड स्पष्ट दिसते, आणि तरीही त्यातले काहीच खरे वाटत नाही.

"अक्का," ती कशीबशी म्हणाली, "त्यात खूण घावंल कशी? ते रक्त तुझं न्हाईच. ते तर माझं..."

"हळू बोल!" अंजनाने तिचा पिठाचा हात घट्ट धरला. "मला ठाऊक न्हाई व्हय? पर त्याचं तोंड बघितलंस का, संगे? ह्येचा बाप गेल्यापासनं हे पोरगं असं हसल्यालं म्या बघितलं न्हाई. ऱ्हाऊ दे. तुला माझ्या गळ्याची आन हाय... बोलायचं न्हाई."

संगीताचा जीव गलबलला. गळ्याची आन! ज्या गळ्याखाली आजाराने घर केले होते, त्याच गळ्याची!

अंजनाला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केस गेले, पुन्हा आले, काही वर्षे बरी गेली. आणि मग एके दिवशी तो कमरेच्या हाडात नव्याने उगवला. लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रोजच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिथे चाललेल्या एका अभ्यासात तिचे नाव घातले. ठरावीक काळाने रक्त द्यायचे, ते दूरच्या प्रयोगशाळेत जायचे, आणि पुढे कोणती गोळी द्यायची ते त्या रक्तावरून ठरायचे. पहिले रक्त लातूरलाच दिले. पुढचे गावातच, घाटनांदूरच्या रक्तसंकलन केंद्रात दिले तरी चालेल, असे मॅडम म्हणाल्या होत्या.

प्रविण स्टेशनजवळच्या एका मेडिकलमध्ये कामाला होता, औषधशास्त्राची पदविका घेतलेला. हे सगळे त्याने काकूला तिच्याच, मेंढपाळाच्या भाषेत समजावले होते.

"काकू, मेंढरं वाघराच्या जाळीतनं सुटून गेली तर तू काय बघतीस?"

"लेंड्या बघते. खुरं बघते."

"हां, तसंच! गाठीच्या पेशी मरत्यात तवा त्येंचे बारीक बारीक तुकडे रक्तात सांडत्यात. ते तुकडे वाचले की गाठ कुठल्या वाटंनं निघालीया ते कळतं. आत्ताची गोळी गाठीची उपासमार करती. पर ती लबाड हाय. एक दिस रूप पालटती, आन उपाशीपोटी बी वाढाया शिकती. हे फोटोत दिसायच्या आधी रक्तात दिसतं. दिसलं की लगोलग गोळी बदलायची. मेंढरं ओढ्यात उतरायच्या आधी आडवं जायचं, बास."

संगीताला हे अगदी समजले होते. पण समजलेले मनात एकटे राहत नाही. आधी भोगलेले त्याच्याशेजारी येऊन बसते. मागे एकदा साध्या तपासणीत अंजनाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या होत्या आणि मॅडमनी त्या रोजच्या गोळ्या काही दिवस थांबवल्या होत्या. तेव्हा 'मला सोडून दिलं, आता माझी आशा न्हाई' म्हणून अंजना भिंतीकडे तोंड करून किती रडली होती! ती तपासणी निराळी, ही निराळी. पण नळीत उतरणारे रक्त एकाच दंडातले. मग व्याकुळ मनात त्या दोन तपासण्या निराळ्या कशा राहाव्यात? रक्त कसदार निघाले तर गोळी मिळते, रक्त हलके निघाले तर गोळी बंद होते, एवढेच दोन्ही जावांच्या मनात घट्ट बसले होते.

रक्त द्यायच्या त्या सकाळी प्रविण परळीला औषधे आणायला गेला होता. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही, त्यामुळे अंजनाचा एकच हात उरला होता. तोही टोचून टोचून कोपराच्या आत काळानिळा झालेला. तो हात पुढे करून ती लहान मुलीसारखी म्हणाली होती, "संगे, ह्यात आता रक्त ऱ्हायलंच न्हाई बघ. ते बघतील, कमी हाय म्हणतील, आन पुन्यांदा बंद करतील... तुझं रक्त चांगलं हाय. तू दिलंस तर?"

संगीता हसली होती. "माझं कसं चालंल, अक्का?"

"कावून न चालायला? लाल तर हाय न्हवं?"

संगीता सगळा जन्म मेंढरांत वाढलेली. एखाद्या मेंढीचे कोकरू मेले आणि दुसरे एखादे कोकरू पोरके झाले, तर मेलेल्याचे कातडे पोरक्याच्या पाठीवर घालून ते त्या मेंढीपुढे सोडायचे, हे तिने कितीदा तरी आपल्या हाताने केले होते. मेंढी हुंगते, क्षणभर थांबते, आणि मग तिला पान्हा फुटतो! नाव एकाचे, दूध दुसऱ्याचे. पण त्यात कुणाचेच वाईट होत नाही, उलट एक जीव जगतो. मग हे तरी पाप कसे? तिने अंजनाचे आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधले आणि ती निघाली.

केंद्रातली करिष्मा नुकतीच अंबाजोगाईहून कामावर आलेली होती. तिला गावातले कुणी ओळखीचे नव्हते.

"पूर्ण नाव सांगा, मावशी."

संगीताची मान खाली गेली. अंजनाचे पूर्ण नाव म्हणजे त्यात थोरल्या दिराचे, सटवाचे, नाव आले. आणि ते तिच्या जिभेवर जन्मात कधी आले नव्हते. करिष्माला वाटले, ही बाई नवऱ्याचे नाव घ्यायला लाजते आहे. ती खुदकन हसली. "आमची आई बी अशीच हाय बघा! ऱ्हाऊ द्या, कार्डावर हायच की." कार्डावरच्या फोटोतली अंजना कुणासारखीही दिसत होती. पदर कपाळापर्यंत घेतलेली पन्नास-बावन्न वर्षांची कुठलीही बाई तिथे खपली असती.

सुई आत गेली. आपल्या दंडातून तो उबदार, गडद लाल प्रवाह नळीत उतरताना संगीता डोळे अर्धवट मिटून बघत राहिली आणि तिला कसलीशी गुंगी आल्यासारखे झाले... हे आता रस्त्याने, रेल्वेने, कुठल्या कुठल्या अनोळखी गावांतून जाईल; पांढऱ्या कपड्यांतली माणसे त्याला उजेडात धरतील; आणि तिथून गोळ्या होऊन ते अक्काच्या उशाशी येईल! एखादी नदी उगमाकडे परत यावी तसे. त्या घटकेला तिच्याइतके सुखी माणूस साऱ्या पंचक्रोशीत नव्हते.

आणि आता हा पेढा, हे हसू, ही शपथ! 'गोळी चालू ठेवा' एवढाच निरोप येईल असे तिला वाटले होते. 'आजाराची खूणच नाही' असे कुणी म्हणेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हते. आता तिला प्रविणचे लेंड्यांचे आणि खुरांचे बोलणे नव्याने आठवले. चोर कुठल्या वाटेने गेला ते बघायला माणसे आली होती, आणि तिने त्यांना भलत्याच रानात नेऊन उभे केले होते!

तरी ती बोलली नाही. अंजनाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता, अगदी स्वतःचे काळीज ओरबाडून नेले गेले तेव्हासुद्धा.

ती गोष्ट जुनी. सटवा आणि अंजना दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. तान्हा प्रविण मागे संगीतापाशी राही. संगीताची कूस उजवली नव्हती. मेंढरांमागे हिंडताना ते पोर तिच्या पाठीशी बांधलेले असे. त्याचा पहिला दात, पहिले पाऊल, पहिला ताप, सगळे तिच्याच अंगाखांद्यावर झाले. आणि एका वर्षी अंजना तोडीवरून परतली, हात पसरून पुढे आली, तर पोर किंचाळत संगीताच्या लुगड्यामागे दडले! दुसऱ्या दिवशी उजाडताच अंजनाने पोराला उचलले, नवऱ्याला घेऊन घाटनांदूरला वेगळे बिऱ्हाड केले, आणि पुढची कित्येक वर्षे त्याला मेंढरांच्या वाटेला फिरकू दिले नाही. त्या दिवशी पोर आईच्या खांद्यावरून हात पसरून रडत होते आणि संगीता वाटेवर उभी होती... तिने एकदाही हाक मारली नाही. ज्याचे त्याला मिळाले, असे ती मनाशी म्हणाली आणि वाळलेल्या डोळ्यांनी मेंढरे मोजायला गेली. पुढे अंजनाचा आजार हाडात गेल्याचे कानावर आले, तेव्हा तीच कुणी न बोलावता पिशवी घेऊन या दारात येऊन उभी राहिली होती.

पेढे संपले. दिवस जाऊ लागले. रोज सकाळी संगीता अंजनाच्या तळहातावर गोळी ठेवी आणि मनातल्या मनात विचारी. ही गोळी अजून आपले काम करते आहे, की गाठीने रूप पालटले आहे? कुणाला ठाऊक? ज्या एका वाटेने ते कळायचे, ती तर बुजलेली! अंजना उठताना आताशा भिंत धरू लागली होती. प्रविण घरी असला की मात्र ती ओठ दाबून सरळ चाले आणि तो बाहेर पडला की मटकन खाली बसे.

"अक्का, पाया पडते तुझ्या. सांगू दे मला त्याला."

"पुढल्या खेपेला म्या सोता देईन की रक्त. तवर हसू दे त्याला."

"आन तवर तुला काय झालं तर?"

"व्हायचं ते हसत हसत होऊ दे," अंजना म्हणाली आणि खरोखरच हसली. त्या हसण्याने संगीताच्या काळजाला घरे पडली.

पण रक्ताला कुणाची शपथ नव्हती. डॉक्टर मॅडमना तो निर्मळ अहवाल फारच निर्मळ वाटला होता. ओसरणारा आजार बहुधा मागे काहीतरी ठेवतो. इथे पहिल्या रक्तातल्या एकाही खुणेचा मागमूस नव्हता. त्यांनी प्रयोगशाळेला दोन्ही नमुने शेजारी ठेवून बघायला सांगितले. माणसाच्या रक्तात आईबापांकडून आलेल्या काही खुणा जन्मभर त्याच राहतात. आजार आला, गेला, तरी त्या बदलत नाहीत. त्या खुणाच जुळेनात. ही दोन रक्ते एका माणसाची नव्हेतच!

मॅडमनी हे कळवताच प्रविणने फोनवरच करिष्माला फाडून खाल्ले. "नळ्या बदलल्यास तू! माझी आई हाय ती, खेळ वाटला का तुला?" फोन ठेवून तो अंगणात येरझाऱ्या घालत होता, तोवर करिष्मा स्कूटीवरून दारात हजर झाली. रडून रडून तिचे नाक लाल झाले होते.

"दादा, गळ्याशपथ सांगते, म्या नळ्या बदलल्या न्हाईत. माझ्या समोर नाव लावून बंद केल्यात. माझी नोकरी जाईल ओ... तुमच्या आईलाच इचारा की!" आणि अंगणात धान्य पाखडत बसलेल्या संगीताकडे तिची नजर गेली. तिचा चेहरा एकदम उजळला. "ह्या काय! ह्याच की अंजनाबाई! मावशी, तुमीच सांगा बरं ह्येंना, त्या दिशी तुमचंच रक्त घेतलं का न्हाई म्या?"

सूप संगीताच्या हातातून निसटले. दाणे अंगणभर पांगले.

प्रविण सावकाश वळला. "काकू? काय म्हणती ही?"

"खरं म्हणती. तिचा कसूर न्हाई. म्याच बसले हुते खुर्चीवर."

"आन आईला ठाऊक हुतं?"

आतल्या खोलीत बाज करकरली. दाराच्या फटीमागे अंजना उभी होती. तिचा श्वास संगीताला ऐकू येत होता. एक शब्द, फक्त एक शब्द पुरे होता! पण त्या शब्दाने पोराच्या मनातली आई मोडली असती. आजारी आईवर रागावलेला मुलगा... नको! ते ओझे दोघांनाही पेलायचे नाही.

"न्हाई," संगीता म्हणाली. "तिला म्या सांगितलं, लातूरला दिल्यालं रक्तच पुन्यांदा तपासणार हायेत म्हणून. सगळं माझ्या एकलीचं डोकं."

"कावून केलंत तुमी असं?"

तुमी! ज्याने दात नसलेल्या तोंडाने तिला पहिली हाक मारली, त्याने तिला परक्या बाईसारखे 'तुमी' म्हटले...

"एवढे दिस आई भलत्याच गोळीवर असंल तर? कसं भरून देणार तुमी? म्या गावभर पेढे वाटले, आन तुमी चुलीम्होरं बसून बघत हुता! लहानपणी मला तिच्यापासनं तोडाया बघितलं... आन आता तिलाच..."

"दादा, असं नका बोलू!" करिष्माच मध्ये पडली. "चूक माझी बी हाय. नाव त्येंच्या तोंडातनं वदवून घ्याया पायजे हुतं म्या."

पण वाक्य अर्धे राहिले तरी पोचायचे तिथे पोचले होते. संगीता उठली. तिने पांगलेले दाणे एक एक करून गोळा केले, सूप भिंतीला लावले, आपली पिशवी घेतली. आतून अंजनाचा आवाज आला नाही. संगीताला त्याचा रागही आला नाही. शपथ घालणाऱ्याचे तोंड शपथ पाळणाऱ्यापेक्षा जास्त बांधलेले असते, एवढेच तिच्या मनात आले.

"तिला आजच लातूरला ने," उंबऱ्यातून ती म्हणाली. "कंबर दुखती तिची. तुज्यापासनं चोरून ठेवलंय."

एसटीने केज, तिथून जीपने नांदूरघाट. गावाबाहेर ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात नाथाने, तिच्या नवऱ्याने, मेंढरे बसवली होती. बायकोला लांबून येताना बघून तो काठीवर रेलला.

"आलीस?"

"आले."

तिने सगळे सांगितले, अगदी शपथेसकट. नाथा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "वहिनीला बाटल्या भरून रक्त दिलंस. मला इतक्या वर्षांत येळंवर चहा दिला न्हाईस."

"बाटल्या न्हाई. नळ्या हुत्या. बारक्या."

"तरी बी," तो म्हणाला, आणि आपली घोंगडी तिच्या खांद्यावर टाकून मेंढरांकडे गेला.

ते दिवस संगीताने जागेपणी पाहिलेल्या स्वप्नासारखे काढले. धाटांच्या खुंटांतून मेंढरे ढगांसारखी सरकत, डोंगराच्या निळ्या रेषेपाशी ऊन थबके, आणि तिला आपण इथे आहोत की घाटनांदूरच्या त्या खोलीत, हेच उमगत नसे. मधूनच ती आपल्या कोपराच्या आतली जागा चाचपडे. सुईची खूण केव्हाच पुसली गेली होती. अक्काचे खरे रक्त गेले असेल का? त्यात काय निघाले असेल? फोन हातात घ्यावा आणि तसाच खाली ठेवावा... विचारायचा हक्क तरी आता आपल्याला कुठे उरला आहे!

आणि एका दुपारी शेताच्या बांधाशी जीप थांबली. आधी प्रविण उतरला. मग त्याने हात देऊन अंजनाला उतरवले. काठी टेकत, ढेकळांतून वाट काढत ती पुढे येऊ लागली, तशी संगीता भानावर आली आणि धावली.

"अक्का! अगं, कशाला आलीस एवढ्या उन्हात..."

"थांब. तितंच थांब," अंजना म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "मला बोलू दे आधी. न्हाईतर मागच्यावाणी पुन्यांदा जीभ आत जाईल. लातूरला मॅडमनं सोता सुई लावली. आन इचारलं, मागल्या टायमाला तुमी का गेला न्हाईत? हे पोरगं मधीच म्हणालं, काकूनं फसवलं. माझ्या हातातनं रक्त येत हुतं, संगे, आन मला वाटलं, ह्या भरल्या नळीसमोर तरी खोटं नको. म्या म्हणलं, तिनं न्हाई. म्या पाठवलं तिला. म्या आन घातली. म्या दाराआड उभी ऱ्हायले आन तिला चोर होऊ दिलं!"

"ऱ्हाऊ दे, अक्का..."

"ऱ्हाऊ कसं दिऊ? हे लेकरू तुझ्या मांडीवरनं उचलून नेलं म्या, तवा तू हाक सुदिक मारली न्हाईस. म्या रोज वाट बघत हुते तुझ्या भांडणाची. तू भांडली असतीस तर माझं पाप हलकं झालं असतं! तू मातर माझ्या दुखण्यात आलीस, माझं न्हाणं-धुणं केलंस... आन पोराच्या नजरेत मोठं ऱ्हायला म्या तुझ्या डोक्यावर खापर फुटू दिलं. मला माफ कर म्हणायला बी जीभ धजत न्हाई, बाई!"

प्रविण पुढे आला आणि त्याने संगीताच्या पायांवर डोके ठेवले. त्याचे खांदे गदगदत होते. "काकू, माझं तोंड जळो. तू मार मला, पर बोल काहीतरी!"

संगीताने त्याला दोन्ही हातांनी वर उचलले. क्षमा, अपराध, मान, अपमान... यांतले काहीच तिच्या कानांत शिरले नव्हते. इतके दिवस तिच्या छातीत एकच प्रश्न कोंडून होता.

"रक्तात काय निघालं रं?"

प्रविणने डोळे पुसले. "गाठीनं रूप पालटलंय. जुनी गोळी तिला लागू पडंना झालती. कमरेतली थोडी वाढलीया, पर दुसरीकडं कुठं गेली न्हाई. उशीर झाला म्हणल्या मॅडम... पर लई न्हाई. तू जाताना कंबर दुखती म्हणलीस, म्हणून त्याच दिशी नेलं. नवी गोळी सुरू झालीया."

"झालीया?"

"झालीया, काकू."

संगीता त्या खुंटांच्या रानात मटकन खाली बसली आणि इतक्या वर्षांत कधी रडली नव्हती तशी रडली. त्या दिवशी वाटेवर उभी राहून न मारलेल्या हाकांपासून ते अंगणात गिळलेल्या त्या एका शब्दापर्यंत सगळे त्या रडण्यातून वाहून जाऊ लागले. अंजना काठी टाकून तिच्याशेजारी बसू पाहत होती. बसता येईना, तेव्हा ती तशीच वाकून जावेचे डोके पोटाशी धरून उभी राहिली. लांबून बघणाऱ्या नाथाने उगाचच दोन मेंढरांना शिव्या घातल्या आणि तोंड फिरवले.

पोळ्याच्या सुमारास पुढचा अहवाल आला. नव्या गोळीला आता काही महिने झाले होते. प्रविणने मोबाइलवर तो एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि मग दोघींच्या मध्ये येऊन बसला. या वेळी तो हसला नाही, रडलाही नाही.

"रूप पालटल्याल्या गाठीचे तुकडे निम्म्याहून कमी झालेत, आई. पार गेले न्हाईत. पर कमी झालेत."

"हे माझंच हाय न्हवं?"

"तुझंच. खुणा बी जुळवून बघितल्यात त्येंनी. आता दर टायमाला बघत्यात."

"मंग बरं हाय." अंजनाने जावेकडे तिरक्या नजरेने पाहिले. "हिचं रक्त लई गुणी निघालं बाई! नुसतं नळीत गेलं तर गावाला पेढे."

"अक्का!" संगीता लाजून लाल झाली, आणि मग तिघेही हसले. हसण्याच्या शेवटी मात्र अंजना गंभीर झाली.

"किती दिस, पोरा? खरं सांग."

प्रविणने मान हलवली. "ठाऊक न्हाई, आई. मॅडमला बी न्हाई. पुन्यांदा रूप पालटंल, तवा दुसरं काही शोधावं लागंल. दर खेपेला रक्त बघायचं आन पुढचं ठरवायचं."

बाहेर बैलांच्या शिंगांना रंग लावणाऱ्या पोरांचा गलका चालला होता. अंजनाने आपला एकुलता एक, सुयांनी पोळलेला हात पुढे केला आणि संगीताच्या मांडीवर ठेवला.

"मंग दर खेपेला हिला संगं न्यायचं."

"म्या कशाला आता?" संगीता दचकून म्हणाली.

"हात धराया. रक्त माझं म्या देईन."